मेटल मिनीचा रंग सारखा उडतोय? आधी टवक्याखाली काय दिसतंय ते बघा

दर पावसाळ्यात तीच रड. टेबलावरच्या युद्धखेळातली धातूची छोटी सैनिकाची फिगर, म्हणजेच मेटल मिनी, मस्त रंगवली, रविवारी खेळायला नेली आणि दोन डाव होत नाहीत तोच तलवारीचं टोक चकाकायला लागतं, घोडेस्वाराच्या गुडघ्यावरचा रंग गायब, झेंडेकऱ्याचा हात खांद्यातून निखळून आपल्या बोटांत. मग परत तोच रंग लावा, परत फेविक्विकचा थेंब सोडा, आणि महिन्याभरात परत ये रे माझ्या मागल्या. ज्याला विचारावं तो सांगतो "रंग चांगला घे ना", आणि पोरं बिचारी बाहेरून मागवलेल्या महागड्या बाटल्यांत पैसे घालत बसतात. माझं सरळ मत आहे की बहुतेक वेळा वरच्या रंगाचा काही दोष नसतो, सुटलेला असतो तो खालचा कुठलातरी थर, आणि नेमका कुठला सुटलाय हे कळल्याशिवाय कितीही टचअप करा, उपयोग शून्य.

प्लास्टिकवाल्यांना हा ताप एवढा होत नाही त्याला कारण आहे. प्लास्टिकवर स्प्रे प्रायमर (रंगाच्या आधी द्यायचा पकडीचा थर) मारला की त्यातलं सॉल्व्हंट वरच्या पापुद्र्याला जरासं मऊ करतं आणि प्रायमर त्यात रुतून बसतो. धातूत असलं काही होत नाही, तिथे प्रायमर नुसता वरून चिकटलेला असतो. त्यात मेटलची फिगर जड, टेबलावर आडवी झाली की सगळा दणका भाल्याच्या नाहीतर बंदुकीच्या टोकाला बसतो. आणि पातळ भाग वाकतात, रंगाला मात्र तेवढं वाकता येत नाही, मग तो तडकतो.

तर आधी निदान. उडालेली जागा भिंगाखाली धरा, भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा, तेवढंही पुरतं. खाली थेट चकचकीत धातू दिसतेय की राखाडी प्रायमर जागच्या जागी आहे आणि फक्त वरचा रंग गेलाय? मग टवक्याच्या कडेला हलकंच नख लावा. कांद्याच्या सालीसारखा सलग पापुद्रा सुटून आला आणि खाली धातू लख्ख असेल तर प्रायमर कधी चिकटलाच नव्हता, खाली तेल, पावडर नाहीतर ओल होती. पापुद्रा न येता खरखरीत भुगा पडत असेल तर प्रायमर फिगरवर पोचायच्या आधी हवेतच वाळला होता, हा मे महिन्याचा आजार. तेवढाच ठिपका गेला आणि आजूबाजूचं नखाने हलत नसेल तर खालचं काम ठीक आहे, ती नुसती झीज आहे. आणि खांद्यावर किंवा मनगटावर जोडाच्या बरोब्बर वरून केसासारखी बारीक रेघ गेली असेल तर रंगाचा विषय सोडून द्या, तो जोड आतून हलतोय आणि आज ना उद्या तुटणार.

आता पहिलं, म्हणजे सलग सोलून येणं. आपल्याकडे सगळ्यात जास्त हेच बघायला मिळतं. या फिगर रबराच्या गोल साच्यात ओततात, साचा गरगर फिरत असतो आणि वितळलेली धातू त्या फिरण्याच्या जोराने बारीक कोपऱ्यांत जाऊन बसते. फिगर साच्यातून सहज सुटावी म्हणून साच्याला टाल्कची पूड नाहीतर सिलिकॉन मारलेलं असतं, आणि तेच फिगरच्या अंगावर घेऊन ती आपल्या घरी येते. आपल्या नाशकात सातपूर नाहीतर अंबडच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगचं काम करणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला विचारा, ते लोक रंगाच्या आधी जॉब एका टाकीतून दुसऱ्या टाकीत असा धूतच असतात, सेव्हन टँक प्रोसेस म्हणतात त्याला, आणि त्यातला मोठा भाग तेल काढणं आणि खळबळून धुणं हाच. आपण मात्र पाकिटातून काढली की लगेच काळा प्रायमर.

आपल्याला टाक्या नकोत, कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश पुरे. फक्त क्रम नीट ठेवा. आधी कानस मारून मोल्ड लाइन (साच्याच्या जोडाची उमटलेली रेघ) आणि फ्लॅश (कडेला आलेला धातूचा जादा पापुद्रा) काढायचा, जोडायचं ते जोडायचं, पुट्टी भरायची, ती वाळू द्यायची आणि मग धुवायचं. बरेच जण पाकीट उघडल्या उघडल्या धुतात, त्यानंतर तासभर फिगर हातात घोळवून कानस मारतात, म्हणजे कानशीचा कीस आणि बोटांचं तेल परत अंगावर. आणि नाशकात फिगर जोडायला बसलं की बाजूला चिवड्याची वाटी असतेच, त्या तेलकट बोटांनी धरलेल्या घोड्यावर कुठला प्रायमर टिकणार? धुतल्यावर फिगरला हात लावायचा नाही, बाटलीच्या बुचावर डबल टेपने चिकटवायची आणि बूच धरूनच पुढचं सगळं करायचं. वाळवताना हेअर ड्रायर फिरवा कारण झग्याच्या घड्यांत, घोड्याच्या पोटाखाली आणि जोडांच्या फटीत पाणी लपून बसतं आणि नंतर प्रायमरखालून फुगा काढतं.

चिंच-मीठ लावून फिगर लख्ख करायचा सल्लाही कानावर येतो, ते आपल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ठीक आहे, इथे नको. धातू चमकवायची नाहीये, उलट जरा खरखरीत हवी, मोठ्या सपाट जागा असतील, म्हणजे ढाल किंवा तोफेची नळी, तर बारीक पॉलिश पेपर हलकासा फिरवा. व्हिनेगरमध्ये बुडवणारेही आहेत. आताच्या बऱ्याच फिगर कथिलाच्या मिश्रधातूच्या असतात, त्यांना थोडा वेळ ठेवून नीट धुतलं तर फार बिघडत नाही, पण जुन्या फिगरमध्ये शिसं असतं आणि शिशाला व्हिनेगरमधलं ॲसिड अजिबात चालत नाही. त्याच्या नुसत्या वाफेनेही शिसं हळूहळू पांढऱ्या भुकटीत बदलत जातं. जुन्या लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्षानुवर्षं पडलेल्या फिगरवर पांढरी पूड दिसते ती बऱ्याचदा हीच, लाकूड आणि पुठ्ठाही ती वाफ सोडत असतात. फिगर जुनी असेल तर तळ कागदावर घासून बघा, पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उठली तर शिसं भरपूर आहे असं समजा. मग कानस मारताना ओली करून मारा, कीस ओल्या फडक्याने पुसून टाका, हात साबणाने धुवा आणि तेव्हा तरी चिवड्याची वाटी लांब ठेवा. घरात लहान पोरं असतील तर त्यांच्या हाती या फिगर लागता कामा नयेत.

आता हवा. ऑगस्टमध्ये आपल्याकडे दिवसच्या दिवस रिपरिप चालते, आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत आणि आपण गच्चीच्या दारात उभे राहून स्प्रे मारतोय. होतं काय की स्प्रेमधलं सॉल्व्हंट उडताना फिगरचा पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्याच्यावर धरते, बर्फाचं पाणी भरलेल्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तसंच. तो दमटपणा थरात आणि थराखाली अडकतो. वरून प्रायमर ठीकठाक दिसतो, फारतर जरा पांढुरका, पण पकड गेलेली असते. धातू एकदा गार पडली की लवकर गरम होत नाही म्हणून प्लास्टिकपेक्षा मेटलला हे जास्त जाचतं.

उपाय म्हणाल तर सगळ्यात सोपा म्हणजे पावसात स्प्रे मारायचाच नाही. जेवढ्या फिगर पावसाळ्यात रंगवायच्या असतील त्या सगळ्या मेच्या शेवटापर्यंत जोडून, धुऊन, प्रायमर मारून झाकणाच्या डब्यात ठेवून द्या, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि मग जून ते सप्टेंबर निवांत ब्रश चालवा, ब्रशने लावायच्या ॲक्रिलिक रंगाला दमट हवेत वाळायला वेळ लागतो एवढंच. अगदीच नड असेल तर ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, पातळ दोन हात द्या, कंटाळवाणं काम आहे पण पोपडे नाही निघत. आणि स्प्रेच मारायचाय असा हट्ट असेल तर उघडीप बघा, ह्युमिडिटी मीटर स्वस्तात मिळतो, आकडा ६० च्या आसपास उतरला तर मारा. त्याआधी फिगर हेअर ड्रायरने हाताला कोमट लागेल इतकी गरम करा, मग ड्रायर बंद करून बाजूला ठेवा आणि मग स्प्रे. मारून झालं की पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना पिवळा बल्ब लावून ठेवतात काही जण, तेही चालतं पण वास पूर्ण गेल्याशिवाय फिगर त्यात नको, ती वाफ पेट घेणारी असते. त्याच कारणाने देवघरात समई चालू असताना शेजारच्या खोलीत स्प्रे मारू नका, आणि मास्क लावा, रुमाल नव्हे.

मे महिन्यात उलटं. दुपारी पारा चाळिशीला टेकलेला, त्यात वारा, थेंब फिगरवर पोचेपर्यंत अर्धे वाळलेले असतात आणि नुसती धूळ बसते. हात फिरवला की सँडपेपर. सकाळी ८ च्या आत मारा, कॅन २० ते २५ सेंटीमीटरवर धरा, उन्हात नाही तर सावलीत, आणि एका जागी न थांबता फिगरच्या बाहेरून सुरू करून बाहेर संपेल असा हात चालवा. खरखरीत प्रायमर आधीच बसला असेल तर वरून रंग चढवून तो झाकला जात नाही, काढूनच टाकावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आपल्याकडे पारा १० च्या खाली जातो, तेव्हा कॅनमधला दाब कमी पडून प्रायमर थुंकल्यासारखा ठिपक्या-ठिपक्यांनी येतो, कॅन पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा करून ठेवा. कोमट म्हणजे हात बुडवून ठेवता येईल असं, गॅसवरचं पातेलं नाही, कॅन फुटतो. राहिले ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च, या दिवसांत डोळे झाकून मारा.

प्रायमर कुठला, हा प्रश्न येणारच. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा राखाडी स्प्रे प्रायमर धातूसाठीच बनवलेला असतो, मेटल फिगरवर उत्तम बसतो, फक्त सुरुवातीला बारीक फवारा मारायचा कारण थर जाड झाला की चेहऱ्याचे डोळे-नाक बुजतात. रेड ऑक्साइड गेटला लावा, साधारण २८ मिमी उंचीच्या सैनिकाला तो फार भरड पडतो. आणि कुठलाही मारा, रात्रभर तरी हात लावू नका, जमलं तर दोन दिवस. मग तळाकडे, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, सेलोटेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपवर राखाडी पापुद्रा आला तर तिथेच थांबा, रंगवण्याआधी कळलं हे नशीब. एवढी टेप लावायचाही लोकांना कंटाळा येतो राव, आणि नंतर तीन आठवडे रंगवलेली फिगर सोलताना बघून हळहळतात.

प्रायमर शाबूत आणि फक्त रंग गेलाय, हा प्रकार कमी दिसतो. बहुतेक वेळा रंगात पाणी जास्त झालेलं असतं, इतकं की त्यातलं चिकट द्रव्यच विरळ होऊन जातं, किंवा प्रायमर ग्लॉसी असतो, किंवा प्रायमर आणि रंग यांच्यामध्ये महिनाभर फिगर हाताळलेली असते. परत साबणाने हलकी धुऊन पुढे जा.

आता जोड. तुटलेला हात परत परत फेविक्विकने चिकटवणाऱ्यांनी हे वाचाच. सुपरग्लू सरळ ओढलं तर चांगलं धरतं पण ते वाळल्यावर ठिसूळ असतं, आडवा धक्का किंवा झटका बसला की कटकन सुटतं, आणि मेटलचा हात म्हणजे खांद्यावर लटकलेलं वजनच. त्यात जास्त गोंद म्हणजे जास्त पकड असा समज, तर तसं नाही, जाड थर लवकर तुटतो. सुपरग्लू हवेतल्या ओलीनेच घट्ट होतं त्यामुळे पावसाळ्यात ते पटकन धरतं आणि आपण खूश होतो, पण जास्त लावलं असेल तर त्याची वाफ आजूबाजूला पांढरट बुरशीसारखी बसते. दिसायला वाईट, प्रायमरच्या आधी असेल तर ब्रशने घासून काढा.

खांदा, मनगट, घोड्यावरचा स्वार, पंख, लांब भाला, या सगळ्याला पिन हवीच, म्हणजे दोन्ही भागांत भोक पाडून मधे घातलेली बारीक तार. सामान नाशकात शोधायला फार फिरायला नको, पिन व्हाइस (हाताने फिरवायचं छोटं ड्रिल), बारीक बिट आणि कानशी सोनारांना लागतात तशाच, सराफ बाजाराच्या आसपास चौकशी करा, आणि पितळी तार तर भांड्यांच्या या गावात मिळाली नाही तरच नवल. खांद्याला १ मिमीचा बिट, मनगटाला ०.५ ते ०.८. आधी कंपासच्या टोकाने मध्यभागी छोटा खड्डा पाडा, नाहीतर बिट घसरतो आणि थेट बोटात. धातू मऊ असते, बिटच्या खाचा लगेच भरतात, म्हणून तीन-चार फेरे पुढे आणि एक मागे असं करत कीस बाहेर काढत राहा, मध्ये बिटला मेणबत्तीचं मेण चोळा. जोर लावला की बिट आत तुटून बसतो आणि तो काही केल्या निघत नाही, मग शेजारी दुसरं भोक.

दोन्ही भोकं समोरासमोर यायला हवीत, इथे सगळे अडतात. एका बाजूला भोक पाडून तार बसवा, तार कणभर बाहेर ठेवा, टोकावर ओल्या रंगाचा ठिपका द्या आणि हात जागेवर जसा बसणार तसा टेकवा. समोर ठिपका उमटतो, तिथेच भोक. दुसरं भोक किंचित मोठं ठेवलं तरी चालतं, थोडं इकडेतिकडे झालेलं सांभाळून घेता येतं. जोडाचे दोन्ही चेहरे कटरच्या टोकाने उभे-आडवे ओरबाडा, गोंदाला धरायला जागा मिळते. तार कापताना चष्मा लावा, तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. जड भाग असेल तर सुपरग्लूऐवजी अराल्डाइट, टेपने बांधून रात्रभर सोडून द्यायचं. फट राहिली तर एपॉक्सी पुट्टी, एम-सील चालतं पण ते जरा भरड आहे, चेहऱ्याजवळ ग्रीन स्टफ (मिनीवाल्यांची हिरवी एपॉक्सी पुट्टी) बरं.

मी सध्या १८०३ च्या असईच्या लढाईसाठी शिंद्यांचे गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे, रंगवतोय, त्यांच्या हातात तोफ ठासायचा लांब गज असतो, ओतीव धातूचा, बोट लागलं तरी वाकणारा. असल्या गजांना, भाल्यांना, झेंड्याच्या काठ्यांना रंग कितीही चांगल्या प्रायमरवर लावा, वाकवून सरळ केलं की तडकणार. ती काठी कापून टाकायची, मुठीतून आरपार भोक पाडायचं आणि पितळी नाहीतर स्टीलची ताठ तार घालायची. मूठ मधोमध ड्रिल करणं हे सगळ्या कामातलं सगळ्यात किचकट काम, अर्धं भोक वरून आणि अर्धं खालून पाडलं तर मूठ फाटायची भीती कमी.

वॉर्निशबद्दल थोडक्यात. खेळायच्या फिगरला आधी ग्लॉस, तो पूर्ण वाळला की वरून मॅट. ग्लॉसचा थर जास्त टणक असतो, मॅट फक्त चमक मारायला. दमट हवेत मॅट स्प्रे पांढरा पडतो आणि काळा घोडा राख फासल्यासारखा दिसायला लागतो, अशा वेळी घाबरून रंग काढू नका, कोरड्या दिवशी त्याच्यावर ग्लॉसचा हात द्या, बऱ्याचदा रंग परत खाली दिसायला लागतो, मग ब्रशने मॅट.

आणि टेपच्या परीक्षेत नापास झालेली फिगर? मेटल आहे म्हणजे ॲसिटोन चालतं, नेलपॉलिश काढायचं लिक्विड घेताना त्यात ॲसिटोन आहे ना ते बघून घ्या. आधी प्लास्टिकचा बेस (पायाखालची चकती) काढून ठेवा, नाहीतर त्याचा चिखल होईल. काचेच्या झाकणाच्या बरणीत बुडवा, बाल्कनीत ठेवा, आसपास ज्योत नको, थोड्या वेळाने टूथब्रशने घासा. सुपरग्लूचे जोडही सुटतील, पिन मारायला तेवढीच संधी.

शेवटचं म्हणजे ने-आण. निम्मे टवके खेळताना नाही, रस्त्यावरच्या खड्ड्यांत डब्यातल्या डब्यात आपटून पडतात. फोममध्ये मेटल फिगर कोंबली की टोकं फोमवर घासत राहतात. कथिल-शिशाची धातू चुंबकाला चिकटत नाही, म्हणून बेसच्या खाली ५-६ मिमीचा छोटा निओडिमियम चुंबक चिकटवा आणि प्लास्टिकच्या डब्याच्या तळाला लोखंडी पत्रा कापून बसवा, पत्र्याच्या कडा कानशीने मारून घ्या. घोडेस्वार जड असतो, त्याला दोन चुंबक लागतात, आणि डबा उलटा करून आधी घरीच गादीवर हलवून बघा कोण सुटतंय ते.